यूव्ही फिल्टर: हिरवं पाणी गेलं, काचेवरचं शेवाळ जागच्या जागी

दिवाळीनंतर घेतलेल्या या ९ वॅटच्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) फिल्टरने इंदूरचा अख्खा उन्हाळा काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आमची माशांची टाकी तीन फुटी, साधारण सव्वाशे लिटरची. पूर्वेच्या खिडकीशी आहे आणि तिथून हलणार नाही. सासूबाई सकाळचा चहा माशांसमोर बसूनच घेतात.

ऊन यायचं आणि पाणी मुगाच्या कढणासारखं व्हायचं. अर्धं पाणी बदललं तरी चार दिवसांत पुन्हा तेच. हे शेवाळ एकपेशीय, पाण्यात तरंगणारं. फिल्टरच्या स्पंजमधून सहज निसटतं. यूव्हीच्या नळीतून पाणी जाताना २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी त्या पेशींचा डीएनए बिघडतो आणि त्यांची वाढ थांबते. घेतला तेव्हा पाणी हिरवंगार होतं, आठवड्याच्या आत टाकीची मागची काच दिसायला लागली. त्यानंतर मे महिन्यातही पाणी हिरवं झालेलं नाही. मात्र मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, म्हणून सुरुवातीला एअर पंप रात्रभर चालू ठेवा आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात वरचेवर पिळा. स्पंजमधल्या उपयोगी जिवाणूंना यूव्हीचा त्रास नाही, ते नळीतून जातच नाहीत.

खोक्यावर ‘सर्व प्रकारचं शेवाळ नष्ट’ असं छापलंय, ते साफ खोटं. जे पाण्याबरोबर नळीतून जातं तेवढंच मरतं. काचेवरचे हिरवे ठिपके, झाडांवरचे केसासारखे तंतू जसेच्या तसे. ते आटोक्यात आले टायमरमुळे: एलईडी आता दिवसाला सातच तास लागतो, खिडकीला जाड पडदा आहे आणि मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं पडतं. काचेसाठी नेराइट गोगलगायी सोडल्या. बोअरिंगचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी त्यांच्या शंखांना मानवतं. फक्त त्यांची पांढरी अंडी काचेला चिकटून बसतात. गोड्या पाण्यात ती वाढत नाहीत, पण दिसतात भारी कुरूप. दुकानदार सकर मासा गळ्यात मारू बघतात. घेऊ नका. फूटभर वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळ कमी खातो आणि घाण जास्त करतो. मग लोक तो तलावात सोडून मोकळे होतात! आपला इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, निदान तिथे तरी नको.

जड पाण्याचा दुसरा परिणाम यूव्हीच्या ट्यूबभोवतीच्या काचनळीवर होतो. पांढरा थर बसला की किरणं बाहेर पडत नाहीत. मी महिन्यातून एकदा, प्लग काढून, ती व्हिनेगरने पुसते. नळाला येणारं नर्मदेचं पाणी भरायचं तर आधी क्लोरीन काढणारं औषध घालते, ते यूव्ही असो-नसो लागतंच. माशांना औषध देताना यूव्ही बंद ठेवते, काही औषधं त्या प्रकाशात निकामी होतात. आणि पेटलेल्या ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी कधीही बघू नका, मुलांना तर अजिबात बघू देऊ नका.

रोज दहा तास चालवलं तर महिन्याला जेमतेम तीन युनिट जातात. ट्यूब साधारण आठ हजार तासांनी बदलावी लागते. निळी चमकत राहते, पण ताकद संपलेली असते. घेतानाच तीवरचा नंबर आणि पिनांची रचना लिहून ठेवा. आमच्याकडच्या दुकानात यंत्र होतं, सुटी ट्यूब नव्हती, ती ऑनलाइन मागवली.