एकाच पाण्यात तीन जातींची ॲनिमोन: चौदा महिने आणि एक बंद पडलेला पंप

गेल्या महिन्यात माझ्या समुद्री टाकीच्या कार्बन रिॲक्टरचा (पाणी शुद्ध करणाऱ्या कार्बनच्या डब्याचा) छोटा पंप बंद पडला आणि मला ते अकरा दिवसांनी कळलं. त्या अकरा दिवसांत टाकीत जे झालं त्याने, वेगवेगळ्या जातींची ॲनिमोन (डंख मारणाऱ्या सोंडांचे, पाय रोवून बसणारे समुद्री प्राणी) एकत्र ठेवण्याबद्दलचं माझं आधीचं मत पार उलटलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. "जागा नीट आखा, बाकी काही होत नाही" असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

टाकी साडेचारशे लिटरची, खाली संप (टाकीचं पाणी उतरतं आणि परत वर जातं ती खालची टाकी) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र). पहिलं ॲनिमोन सोडलं तेव्हा टाकी दीड वर्षांची झाली होती. पाण्याचा खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५-२६ अंश. लाइटच्या तपशिलात शिरत नाही, ॲनिमोन पाळणाऱ्याला तो पाठ असतो. जाती तीन: बबल टिप, हॅडोनी कार्पेट आणि पाच रॉक फ्लॉवर. तीन जातींना तीन टाक्या म्हणजे तीन स्किमर, तीन हीटर, तिप्पट मीठ आणि वीज. मला ते परवडणारं नव्हतं. एकाच टाकीत भागवायचं हा निर्णय निव्वळ काटकसरीचा होता, पण घाईत घेतलेला नव्हता.

बबल टिप खडकाच्या कपारीत पाय रोवतं, हॅडोनी सपाट वाळूत बसतं, रॉक फ्लॉवर एकदा बसलं की सहसा जागा सोडत नाही. म्हणून मधोमध खडकाचं बेट केलं, भोवती मोकळी वाळू. बबल टिप बेटावर, कार्पेट डावीकडे वाळूत, रॉक फ्लॉवर उजव्या कोपऱ्यात लहान दगडांमध्ये. पॉवरहेडच्या (टाकीत पाणी ढवळणाऱ्या पंपांच्या) तोंडांना पहिल्या दिवसापासून जाळी आणि स्पंज. हे कुणीही टाळू नये. भटकणारं ॲनिमोन पंख्यात सापडलं की त्याच्या चिंध्या होतात आणि एका रात्रीत पूर्ण टाकी नासते.

पहिले चार महिने इतके सुंदर गेले की कामावरून आल्यावर दिवा न लावता मी आधी टाकीसमोर जाऊन बसायचे. कार्पेटची कड पाण्याबरोबर हलताना बघत राहावंसं वाटतं. पाचही रॉक फ्लॉवरची नक्षी वेगळी, एकासारखं दुसरं नाही. ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी होती. ही मासळी समुद्रात मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी या ॲनिमोनमध्ये राहते. बबल टिप किंवा हॅडोनी ही तिची मूळ घरं नव्हेत. सहा आठवडे तिने दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी मादी बबल टिपमध्ये शिरली आणि पाठोपाठ नर. त्या दिवशी मी रात्रीचं जेवणही टाकीसमोर बसूनच केलं.

पाचव्या महिन्यात बबल टिप दुभंगलं. एकाची दोन झाल्याचा आनंद आठवडाभर टिकला. त्यातलं एक बेटावरून खाली सरकत डाव्या काठाला आलं आणि सकाळी पाहिलं तर कार्पेटच्या बाजूच्या त्याच्या सोंडा पांढऱ्या पडून झडलेल्या. कार्पेटला काहीही झालं नव्हतं. डावीकडचे खडक काढून मी मधला वाळूचा पट्टा वीतभर रुंद केला आणि त्यानंतर स्पर्श झाला नाही. आठव्या महिन्यात कार्पेटने एक फायरफिश गिळला. त्याचं मला फार वाईट वाटलं, पण हॅडोनी मासे धरतं हे ठाऊक असूनही मी ते ठेवलं होतं, दोष माझाच.

एवढं होऊनही माझं मत "जमतं" असंच होतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर अँथोप्ल्यूरा एलेगँटिसिमा नावाचं ॲनिमोन खडकांवर दाटीवाटीने वाढतं. एकाच ॲनिमोनपासून दुभंगत वाढलेलं कुळ एकमेकांना खेटून बसतं, पण शेजारी दुसरं कुळ आलं की दोघांच्या सीमेवर रिकामा पट्टा राहतो, कारण तिथे डंखांची लढाई चालते. हे वाचल्यावर मला वाटलं, निसर्गच पट्टा आखून देतो आहे, आपणही तेवढंच करायचं. माझ्या दोन बबल टिपना एकमेकांचा काहीच त्रास नव्हता, त्यामुळे तर्क अजूनच पक्का वाटला. तिथेच मी चुकले. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीबरोबर पाणी सतत बदलतं. माझ्याकडे तेच पाणी फिरत होतं.

अकराव्या महिन्यात मी आणखी एक बचत केली. रॉक फ्लॉवर एका छोट्या टाकीत हलवले, पण त्या टाकीचं पाणी जोडलं जुन्याच संपला. वेगळा हीटर नको, वेगळा स्किमर नको. काच वेगळी झाली म्हणजे प्राणी वेगळे झाले, असं मी धरून चालले.

आणि मग तो पंप. मुठीत मावेल एवढा, कार्बनच्या डब्यातून पाणी ढकलणारा. इतर यंत्रांचे आवाज चालू असल्याने याचा आवाज थांबलेला कळलाच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बबल टिपच्या सोंडा आखडल्या आणि तोंड सैल पडलं. कार्पेटने कडा वर दुमडल्या, दिवसातून दोन-तीनदा आकसून पुन्हा फुगायला लागलं. मी पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्रेट पाच, अल्कलिनिटी साडेआठ, खारेपणा जागेवर, म्हणजे सगळं ठीक. लाइटवर संशय घेतला, तो कमी करून पाहिला. मला खरा धक्का बसला तो दहाव्या दिवशी, रॉक फ्लॉवर पाहून. वेगळ्या काचेत, कुणाचाही स्पर्श नाही, आणि पाचही मिटलेले. तिघांमध्ये सामाईक होतं ते फक्त पाणी. म्हणून दुसऱ्या दिवशी संपच्या खाली टॉर्च धरली.

डब्यातला कार्बन काढला तर वास मारत होता. बाकी कशालाही हात न लावता, पाणीही न बदलता, धुतलेला नवा कार्बन जाळीच्या पिशवीत भरून ओव्हरफ्लोच्या (टाकीतून संपमध्ये पडणाऱ्या पाण्याच्या) धारेखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी बबल टिपचं तोंड आवळलं गेलं, पाचव्या दिवशी रॉक फ्लॉवर उघडले, कार्पेटला आठवडा लागला. खात्रीसाठी पुन्हा एकदा कार्बन काढून पाहावा असं मनात आलं होतं. केलं नाही. जिवंत प्राण्यांना पुन्हा त्या अवस्थेत ढकलणं मला मान्य नाही.

ॲनिमोनचं विष फक्त डंखपेशींत नसतं, अंगावरच्या बुळबुळीत स्रावातही असतं, आणि त्रास झाला की ते हा स्राव जास्त सोडतं. समुद्रात तो क्षणात विरून जातो. साडेचारशे लिटरमध्ये तो सगळ्यांच्या अंगावरून पुन्हा पुन्हा फिरतो. शिवाय रॉक फ्लॉवर कॅरिबियनकडचं, हॅडोनी हिंद-प्रशांत महासागरातलं. समुद्रात या दोघांची कधी गाठच पडत नाही, ती मी घातली होती. इतके महिने वीतभर वाळूने टाकी सांभाळली असं मी मानत होते. सांभाळत होता तो मूठभर कार्बन.

एवढ्याशा पंपाबद्दल इतकं लिहिते आहे कारण यावर कुणी बोलत नाही. कार्बन दोन-तीन आठवड्यांत भरून जातो, पाणी फिरत असलं तरी त्यानंतर तो काही शोषत नाही. डब्याची परतीची नळी पाण्यात बुडवू नका. पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे धार डोळ्यांना दिसते आणि पंप थांबला की त्याच दिवशी कळतं. माझी नळी बुडालेली होती. पंपाची सिरॅमिक दांडी मोडली होती, त्यावर क्षाराचा थर. दर महिन्याला व्हिनेगरमध्ये भिजवायला हवा होता, ते मी केलं नाही, हे कबूल. पण कंपनीने वॉरंटी नाकारताना कारण दिलं "खाऱ्या पाण्यात वापर". खोक्यावर प्रवाळ आणि मासे छापलेले, आत खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठीच्या सूचना! चार वेळा फोन केले, फोटो पाठवले, शेवटी नाद सोडला. आता कार्बनची पिशवी ओव्हरफ्लोखालीच असते. तिला पंप लागत नाही, म्हणजे ती बंदही पडत नाही, आणि यात एक पैसाही खर्च झाला नाही.

एकाच बबल टिपची दुभंगून झालेली पिल्लं कितीही ठेवा, नुसते रॉक फ्लॉवर ठेवा, माझी हरकत नाही. बबल टिपबरोबर कार्पेट मी पुन्हा ठेवणार नाही, आणि एका संपला जोडलेल्या दोन टाक्यांना दोन टाक्या म्हणणार नाही. रॉक फ्लॉवरच्या टाकीची जोडणी मी तोडली. आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेवढ्या छोट्या टाकीला वेगळा स्किमर लागतही नाही. हीटर मात्र घ्यावा लागला.

ॲनिमोनच्या बाबतीत वर्ष-सव्वा वर्ष म्हणजे काहीच नाही, हेही मला या निमित्ताने जाणवलं. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं. माझं कार्पेट हातभर रुंद झालं होतं आणि अजून वाढणार होतं. चौदा महिने निभावलं म्हणून पुढची वर्षंही निभावेल, असं त्याच्यासमोर बसून म्हणणं मला जमेना.

एका मित्राकडे फक्त हॅडोनीसाठी राखलेली टाकी आहे, तिकडे कार्पेट पाठवलं. कार्पेटचा पाय वाळूखाली काचेला चिकटलेला होता. तो फाटला तर ॲनिमोन बहुतेक वाचत नाही, म्हणून ओढलं नाही. दोन संध्याकाळी, मऊ प्लास्टिकचं कार्ड कडेने थोडं थोडं सरकवत बसले; ते आवळलं की थांबायचं, सैल झालं की पुन्हा. दुसऱ्या रात्री साडेअकराला अख्खं सुटलं. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोटो आला: वाळूत बसलंय, कडा पसरलेल्या, तोंड घट्ट मिटलेलं. माझ्याकडे डावीकडचा वाळूचा भाग मोकळा आहे. तो तसाच राहील.