वॉर्डातून उभं राहावं की चळवळीत राहावं? काका बाप्टिस्टा आणि फादर दिब्रिटो यांच्या दोन वाटा

रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात हा विषय निघतोच. निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेला एखादा तरुण असतो, आणि ‘ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडू नये’ असं सांगणारं कुणी वडीलधारंही असतं. मला वडीलधाऱ्यांचं पटत नाही. पण उभं राहणं ही एकच वाट आहे, असंही नाही.

जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीचे, ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातला मूळचा ख्रिस्ती समाज) कॅथलिक, पेशानं वकील, टिळकांचे जवळचे सहकारी. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. समाजासाठी वेगळी चूल न मांडता ते सगळ्यांच्या राजकारणात उतरले, कामगारांचं काम केलं. या वाटेवर ठरावावर हात वर करता येतो, बजेटमध्ये आपल्या गल्लीचं गटार घालता येतं. त्यासाठी पक्षाचा आदेश, तडजोडी आणि शेजाऱ्यांचा अबोला सोसावा लागतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे कॅथलिक धर्मगुरू. हरित वसईसाठी ते बिल्डरांच्या आणि राजकीय गुंडगिरीच्या विरोधात उभे राहिले, पण निवडणुकीला नाही. ही वाट कुणाची मिंधी नसते आणि नको ते थांबवू शकते. नवं काही उभारायचं म्हटलं, की मात्र सही दुसऱ्याचीच लागते.

आपली गफलत इथेच होते. धर्मगुरू उभे राहत नाहीत, मग आपणही नको, असं लोक धरून चालतात. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातलं कलम २८५ सत्तेची पदं घ्यायला मनाई करतं ती धर्मगुरूंना. प्रापंचिकांसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांच्या सभेनं) १९६५ मध्ये नेमकं उलट सांगितलं: लोकांच्या भल्यासाठी राजकारणाचा भार उचलणाऱ्यांचं तिनं कौतुक केलं. ‘कैसराचे कैसराला, देवाचे देवाला’ हे येशूचं वचनही पळवाट म्हणून वापरलं जातं. नाण्यावर कैसराची, म्हणजे रोमन सम्राटाची, छबी होती म्हणून ते त्याचं. माणसावर छबी देवाची आहे. त्या माणसाच्या नळाला पाणी येतं की नाही, हा प्रश्न मग चर्चबाहेरचा कसा?

तुमचा धंदा पालिकेच्या ठेक्यांवर चालत असेल तर उभे राहू नका. सभेत पटकन डोकं तापत असेल तर चळवळीत या, तिथेही माणसं कमीच पडतात. विकास आराखड्यावर हरकती घ्यायच्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घडी करून आणणारे आजोबा येतात. आपला सर्व्हे नंबर नकाशात कुठे गेला, हे त्यांना शांतपणे दाखवणारं कुणीतरी लागतं. पण पोटापाण्याची सोय स्वतःची असेल आणि संध्याकाळ मोकळी असेल, तर माझं मत सरळ आहे: उभे राहा. फक्त वेदीवरून मतं मागू नका, पॅरिशची (आपल्या चर्चच्या कुटुंबांची) यादी प्रचाराला वापरू नका. वॉर्डाची मतदार यादी घ्या आणि आपल्या नसलेल्या वस्तीपासून सुरुवात करा.