नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळचा मुलाखत-सराव वर्ग : चार रविवारांचा अनुभव

मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यानंतर मी साडेतीन वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले. आईच्या आजारपणामुळे ती नोकरी सोडावी लागली आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करू लागले, तेव्हा पाच महिन्यांत एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही. अखेर मामेबहिणीच्या सांगण्यावरून मी कॅनडा कॉर्नरजवळच्या या वर्गात नाव घातले. अंबडच्या एका कारखान्यातून कार्मिक अधिकारी म्हणून निवृत्त झालेले सर आपल्या घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग चालवतात. चार रविवार, दर वेळी तीन तास आणि शुल्क साडेतीन हजार रुपये. नोकरी लावून देण्याचे आश्वासन आपण देत नाही, हे त्यांनी पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट केले आणि जो कोणी नोकरीसाठी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागेल त्याच्याशी पुढे बोलूही नका, असे बजावले.

पहिला रविवार बायोडेटाचा होता. माझा बायोडेटा तीन पानांचा होता आणि त्यातील जवळजवळ एक पान वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या मजकुराने भरले होते. कामाविषयी मात्र ‘आवक मालाची तपासणी करणे, रिपोर्ट तयार करणे’ एवढेच लिहिलेले होते. सरांनी विचारले, ‘एका पाळीत किती पार्ट तपासायचात? कोणत्या उपकरणाने? माल रिजेक्ट कशामुळे व्हायचा?’ उत्तरे देता देता मला आठवले, की एका बुशचे (नळीसारख्या पोकळ पार्टचे) बोअर, म्हणजे आतले भोक, दुसऱ्या पाळीतच वारंवार लहान येत असे. इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचे झिजणारे टोक, वेळेवर बदलला जात नाही हे माझ्या लक्षात आले होते आणि ऑपरेटरला सोबत घेऊन मी त्याची नोंदवही सुरू केली होती. ‘मग हे या तीन पानांत कुठे आहे?’ असे सरांनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. माझ्या दृष्टीने या वर्गाचे शुल्क तेथेच वसूल झाले. तयार उत्तरे पाठ करून घेणारे वर्ग पुष्कळ आहेत. आपण आपल्या हाताने काय केले ते शोधून काढायला लावणारे शिक्षक मला यापूर्वी भेटले नव्हते.

बायोडेटा एका पानावर आल्यानंतर तो पाठवायचा कोठे, याविषयीही त्यांचे मत ठाम आहे. पोर्टलवरील प्रोफाइल अद्ययावत ठेवावे, परंतु सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या लहान पुरवठादार कारखान्यांतील बऱ्याच जागांची जाहिरातच निघत नाही, तेथे सुपरवायझर आपल्या माणसांना विचारतो, म्हणून जुन्या सहकाऱ्यांना संकोच न करता कळवावे, असे ते सांगतात. मी तिघांना कळवले आणि पंधरा दिवसांत मला दोन ठिकाणांहून फोन आले.

तिसऱ्या रविवारच्या सराव मुलाखतीत सरांनी टेबलावर एक जुना व्हर्नियर कॅलिपर (मुख्य पट्टीवर सरकणाऱ्या छोट्या पट्टीने बारीक माप घेण्याचे उपकरण) आणि पितळी बुश ठेवला आणि बाहेरचा व्यास मोजायला सांगितले. मी आत्मविश्वासाने 25.04 मि.मी. असे वाचन सांगितले. त्यांनी काही न बोलता कॅलिपर हातात घेतला, जबडे बंद केले आणि माझ्यासमोर धरला. व्हर्नियरचे, म्हणजे सरकत्या पट्टीचे, शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या किंचित उजवीकडे होते आणि व्हर्नियरची दुसरी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळत होती, म्हणजे 0.02 मि.मी. लघुतम मापाच्या (सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मापाच्या) त्या उपकरणात 0.04 मि.मी. शून्य त्रुटी होती आणि ती मी वजा करायला हवी होती. साडेतीन वर्षे रोज वापरलेले उपकरण मी मुलाखतीच्या घाईत न तपासता वापरले, हे मला फार लागले.

दोन वर्षांच्या खंडाविषयी ‘आईची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडली होती, आता पूर्ण वेळ काम करू शकते’ एवढे सांगून थांबावे, दिलगिरीचा सूर लावू नये, असा सल्ला मिळाला. लग्नाविषयी विचारले गेल्यास कोणत्या पाळ्या आणि येण्या-जाण्याची कोणती सोय आपल्याला चालेल, तेवढेच शांतपणे सांगावे, हेही मला योग्य वाटले.

काही उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. तुकडीत सहा जण असतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात आम्ही नऊ होतो आणि त्यामुळे दोघांची सराव मुलाखत जेमतेम दहा मिनिटांत उरकावी लागली. इंग्रजी संभाषणाचा भाग तर अगदीच वरवरचा आहे. ज्यांनी अजून कामच केलेले नाही, त्यांनी या वर्गापेक्षा आधी अप्रेंटिसशिप करावी, असे मला वाटते, कारण येथील सारी पद्धत केलेल्या कामावर उभी आहे.

पगाराचे सत्र घाईत झाले, तरी ते उपयोगी होते. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी आपल्यावर करत असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात, मूळ वेतनाच्या 12 टक्के दराने कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा बहुधा धरलेला असतो आणि तेवढाच वाटा आपल्या पगारातूनही कापला जातो, म्हणून हातात येणारी रक्कम आणि आपण कंपनीच्या रोलवर (नोकरपटावर) असू की ठेकेदाराच्या, हे होकार देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, असे तेथे शिकले. पुढे अंबडच्या एका कारखान्यातील मुलाखतीत मला मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे आणखी एक उपकरण) हातात देण्यात आला, तेव्हा मी आधी त्याचे शून्य तपासले. हे दोन्ही प्रश्नही विचारले आणि गेल्या महिन्यापासून मी तेथे कंपनीच्या रोलवर रुजू आहे.

प्रवेश घेताना तुकडीत किती जण आहेत हे आधी विचारावे आणि चौथा रविवार चुकवू नये, कारण पगाराचे सत्र त्याच दिवशी असते आणि ते पुन्हा घेतले जात नाही.