रत्नागिरीतील ‘आरोग्यदायी गोडी’चा कप्पा

रत्नागिरी शहरात कोकणमेव्याच्या एका दुकानाने अलीकडे ‘आरोग्यदायी गोडी’ अशा पाटीखाली स्वतंत्र कप्पा मांडला असून, त्यात गूळ, माडाचा गूळ, मध, स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीची भुकटी आणि सुक्रालोज या कृत्रिम गोडीच्या गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. मालाचा दर्जा उत्तम आहे. विशेषतः गडद रंगाचा गूळ उकडीच्या मोदकांसाठी अवश्य घ्यावा, कारण ओल्या नारळाबरोबर शिजताना गुळामुळे सारणाला जो ओलावा आणि खमंगपणा येतो, तो स्टीव्हियाने येत नाही.

पाटी मात्र दिशाभूल करणारी आहे. ‘गूळ मधुमेहींना चालतो’ असे विक्रेत्याने सांगितले, ते साफ चुकीचे आहे. 100 ग्रॅम साखरेतून सुमारे 400 किलोकॅलरी मिळतात, तर तितक्याच गुळातून साधारण 380. शिवाय गुळातही मुख्यत्वे सुक्रोज, म्हणजे साखरच असल्यामुळे रक्तातील साखर वाढायची ती वाढतेच. गुळात थोडे लोह व खनिजे असतात हे खरे, पण त्यांच्यासाठी गूळ खायचा म्हटले तर आधी साखरच फार पोटात जाईल. मधातही शर्कराच आहे, आणि एक वर्षाखालील बाळाला तो बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराच्या धोक्यामुळे मुळीच देऊ नये, ही सूचना बाटलीवर ठळकपणे हवी होती.

जागतिक आरोग्य संघटना साखर आणि मध यांतील शर्करा एकाच हिशेबात धरते व ती एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली, म्हणजे 2000 किलोकॅलरींच्या रोजच्या आहारात 50 ग्रॅमपेक्षा कमी ठेवण्यास सांगते. 25 ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक चांगले.

स्टीव्हियाचा अर्क साखरेच्या 200 ते 300 पट, तर सुक्रालोज सुमारे 600 पट गोड असते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असे याच संघटनेने 2023 मध्ये सुचवले. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र ही शिफारस लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून चहापुरते ते वापरावेत.

या कप्प्यात खरे तर कोकमाचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, हवे होते, पण ते दुकानात सर्वांत खालच्या फळीवर आहे. अमृत कोकम साखरेत मुरवलेले असते, तर आगळात साखर नसते. त्याची सोलकढी गोडाविनाच रुचकर लागते. आगळात मीठ भरपूर असल्याने रक्तदाब असलेल्यांनी ते बेतानेच घ्यावे.