मेंढीचं म्हणून घोड्याचं मशीन विकतायत, खोकं नीट बघून घ्या

थोडीच मेंढरं असलेल्या घरांसाठी हे लिहितोय, कारण नेमक्या अशाच गिऱ्हाइकाला गाठून लोकर कापायचं म्हणून भलतंच मशीन खपवलं जातंय.

माण तालुक्यात माझ्या मामांकडे दहा-बारा मेंढरं आहेत, दख्खनी जातीची. वर्षातून दोनदा भादरावी, म्हणजे त्यांची लोकर कापावी लागते. कातर चालवून मामांची बोटं आखडतात, म्हणून विजेवरचं मशीन घ्यायचं ठरलं. मी मुंबईत असतो, तेव्हा खरेदी माझ्याकडे आली. नागदेवी स्ट्रीटला हत्यारं आणि मशिनरीची दुकानं ओळीने आहेत. तिथल्याच एका दुकानातून घेतलं. नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं होतं: मेंढ्या, दख्खनी, राठ लोकर. त्याने मेंढीचं चित्र असलेलं खोकं काढलं, प्लग लावला आणि फरच्या एका जुन्या चादरीवर मशीन फिरवून दाखवलं. सरसर केस उडाले. बिल मागितलं तर पावतीपुस्तकातला चिटोरा दिला. जीएसटीचं बिल हवं असेल तर वरचा कर वेगळा पडेल, म्हणाला.

गावी पहिल्याच मेंढीला मशीन लावलं तेव्हा ते लोकरीत शिरेचना. वरवर घासत राहिलं, लोकर दातांत गुंतून ओढली जायला लागली. मामांनी जोर दिला तर कुशीजवळच्या सुरकुतीत कातडी कापली गेली. मेंढी ओरडली तसं त्यांनी बटण बंद केलं, जखमेवर हळद दाबली आणि मशीन बाजूला ठेवलं. हँडल एवढं तापलं होतं की धरवत नव्हतं. मुक्या जनावराला झालेल्या त्या जखमेचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

खोकं परत बघताना मेंढीच्या चित्राचा एक कोपरा सुटलेला दिसला. नखाने सोलला. खाली घोड्याचं डोकं छापलेलं होतं. खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं, मशीनच्या बुडाशी कोरलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठेच नाही. बाहेरून आलेल्या पाकीटबंद मालावर हे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणं वजनमापाच्या नियमांनुसार सक्तीचं आहे, म्हणजे हा माल मुळातच संशयास्पद होता.

फरक कुठे असतो ते सांगतो, म्हणजे दुकानात उभ्या उभ्या ओळखता येईल. मेंढीच्या मशीनला खाली रुंद कंगवा असतो, साधारण १३ लांब दातांचा, दात टोकाला निमुळते. ते दात लोकरीत आधी शिरतात, कातडी सपाट धरतात आणि वरचं चार टोकांचं पातं त्यांच्यावरून डावी-उजवीकडे फिरत कापतं. घोड्या-गाईगुरांच्या मशीनला आखूड, बारीक आणि दाट दातांची दोन सपाट पाती असतात. मोकळ्या सुट्या केसांना ती चालतात. लोकरीत तेलकट मेण असतं, माती असते, आणि ती चटईसारखी गच्च बसलेली असते. तिच्यात ते आखूड दात जाणारच नाहीत. चादरीवरचं प्रात्यक्षिक म्हणूनच बिनकामाचं. त्याऐवजी पातं उघडून दाखवायला लावा, दात मोजा, आणि सुटा कंगवा आणि सुटं पातं त्याच दुकानात मिळतं का ते विचारा. ही पाती चपट्या चकतीवर घासून धार लावावी लागतात. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या गोल दगडावर दिली तर कायमची बिघडतात. ही सोय जवळपास नसेल तर खरं मशीनसुद्धा एका हंगामात अडगळीत पडतं.

आणि खरं सांगायचं तर दहा-बारा मेंढरांना चांगल्या पोलादाची कातर पुरते. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते, तिला भावही नाही. एवढ्यासाठी महागडं मशीन गळ्यात मारणाऱ्याला हा हिशोब ठाऊक असतो. मामांच्या बोटांसाठी आता भादरायच्या दिवशी शेजारच्या वाड्यावरचा एक पोरगा मजुरीवर येतो.

मशीन परत न्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, घोडा काय नि मेंढी काय, केस ते केसच." पावतीच्या तळाशी छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्यही दाखवलं. या वाक्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि मिटवा म्हणून. मी नाही म्हटलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, गावच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. तुमच्याकडेही असं चित्र चिकटवलेलं खोकं असेल तर ते फेकू नका, चिकटवलेला कागद पूर्ण सोलायच्या आधी फोटो काढा आणि पैसे पाठवल्याची मोबाइलवरची नोंद जपून ठेवा. माझ्याकडे पक्कं बिल नाही, व्यवहाराचा पुरावा म्हणून ती नोंदच मी पुढे ठेवणार आहे.