घड्याळ न बांधता सात महिने झोप मोजली

मनगटावरचं घड्याळ मला जमत नाही. कणीक मळताना काढा, भांडी घासताना काढा, उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं. भाऊबीजेला मिळालेला फिटनेस बँड दोन महिन्यांत लेकीकडे गेला. पण पहाटे चारच्या आगेमागे जाग यायची ती येतच राहिली. शाळा सकाळची, पाचला उठायचं, म्हणजे ती जाग फारच महागात पडते. शेवटी जूनमध्ये तीन वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर झोपेचं अ‍ॅप घेतलं. आता डिसेंबर संपत आलाय. मध्ये अ‍ॅप्स बदलली, पण फोन आणि पलंग तेच.

पहिला महिना फोन गादीवर ठेवला. स्क्रीन आडवी-उभी करणारा जो सेन्सर असतो, तोच गादीची हालचाल टिपतो. स्वीडनचं स्लीप सायकल हे अ‍ॅप २००९ मध्ये आलं ते याच युक्तीवर. पण आमची गादी कापसाची, कित्येक वर्षांत न पिंजलेली. माझी कूस तिच्यातून फोनपर्यंत पोचायचीच नाही. नवरा पाणी प्यायला उठला की मात्र आलेखात भूकंप. (फोन उशीखाली ठेवू नका, चार्जिंगला असेल तर चांगलाच तापतो.)

मग स्लीप अ‍ॅज अँड्रॉइड या अ‍ॅपमधला सोनार लावून पाहिला. फोन स्पीकरमधून खूप वरच्या पट्टीचा आवाज सोडतो आणि तो अंगावर आपटून परत कसा येतो ते मायक्रोफोनने ऐकतो. मी ४४ची, मला काहीच ऐकू आलं नाही. लेक १४ची; दारातूनच म्हणाली, "आई, काय किरकिरतंय?" वय वाढतं तसे आधी हेच वरचे आवाज जातात, हे विज्ञान शिकवताना मी दरवर्षी सांगते. स्वतःवर आल्यावर जरा लागलं. सोनार बंद केला.

उरला नुसता मायक्रोफोन. फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर, तोंड माझ्याकडे. पावसाळ्यात याचा उपयोग शून्य, कारण शेजारच्या पत्र्यावर रात्रभर ताशा. दिवाळीनंतर पंखा बंद झाला आणि रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ यायला लागलं.

आता त्या रंगीत आलेखाबद्दल. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप असे पट्टे दिसतात आणि आपण भुलतो. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा लावतात आणि रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा तपासतात. फोनकडे यातलं काय आहे? हालचाल आणि आवाज. स्वप्नांच्या झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात, माणूस जवळजवळ हलतच नाही. फोनने तिला गाढ झोप म्हटलं तर त्याचा दोष नाही. माझा पुरावा असा: सप्टेंबरात लेकीला ताप होता, नवरा गावाला गेलेला, मी रात्रभर तिच्या उशाशी. फोन रिकाम्या पलंगाशेजारी चालूच राहिला. सकाळी निकाल: झोप ७ तास १२ मिनिटं, गुण ९१. सात महिन्यांतले माझे सर्वाधिक गुण!

त्याआधी मी या गुणांपायी दिवस खराब करून घेत होते. दात घासायच्या आधी आकडा बघायचा. ६२ दिसला की अंग जड, आकडा बघेपर्यंत बरी होते तरी. झोपेच्या आकड्यांनीच झोप उडण्याला २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नाव सुचवलं. त्या रिकाम्या पलंगाने माझा तो आजार एका रात्रीत बरा केला.

'हलक्या झोपेत' उठवणारा गजर मला परवडला नाही. ठरलेल्या वेळेच्या आधी अर्ध्या तासात कधीही वाजायची मुभा अ‍ॅपने आधीच घेतलेली होती. पाचचा गजर ४:३४ला वाजला. ताजंतवानं सोडा, २६ मिनिटं गेली याचाच राग. आणखी एक त्रास म्हणजे बॅटरी वाचवायला फोन मध्यरात्रीच अ‍ॅप बंद करतो. तसं होत असेल तर डोन्ट किल माय अ‍ॅप ही साइट बघा, कुठल्या फोनमध्ये कुठली सेटिंग बदलायची ते तिथे आहे. आणि आवाज कुठे साठतोय तेही तपासा. माझ्या एका फाइलमध्ये आम्हा दोघांचं गृहकर्जावरचं अख्खं भांडण निघालं.

मग पैसे कशाचे फिटले? त्या आवाजांचेच. नोव्हेंबरात लक्षात आलं की रोज ३:५०च्या सुमारास एक फाइल असतेच. आधी घर्र, मग वीसेक मिनिटांनी पाइपमध्ये धाडकन दणका. सोसायटीची पाण्याची मोटार! आमची बेडरूम पहिल्या मजल्यावर, पंपाच्या खोलीच्या नेमकी वर. मी दोन वर्षं वयाला, चहाला आणि दहावीच्या पेपरांना दोष देत होते. सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच कशी ऐकू येते?" मी मोबाइल पुढे केला. वेळ बदलायला ते तयार झाले नाहीत, पण मोटारीखाली रबर बसवलं आणि प्लंबरने व्हॉल्व्ह बदलला. आता आठवड्यातून चारेक रात्री सलग पाचपर्यंत झोपते.

रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक आवाज आहे. नवऱ्याचं घोरणं चालू असतं, मध्येच पूर्ण शांत, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास. रक्तातला ऑक्सिजन फोनला कळत नाही, त्यामुळे हे काय आहे ते अ‍ॅपला विचारून उपयोग नाही. शनिवारी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, फाइल सोबत नेणार. नवरा अजून म्हणतोय की तो आवाज मोटारीचाच आहे.