स्कीइंगला कोठे जावे? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी प्रवेशनियमांच्या आधारे तुलना

आमच्या ट्रेकिंग गटातील सहा कुटुंबांची भिशी येत्या दिवाळीला पूर्ण होत आहे आणि त्या पैशांतून हिवाळ्यात स्कीइंग शिकायला जायचे, एवढे ठरले आहे. कोठे जायचे, हे मात्र अजून ठरायचे आहे. गुलमर्ग, स्वित्झर्लंड, जॉर्जियातील गुदौरी आणि जपानचे होक्काइदो अशी चार नावे बैठकीत पुढे आली. उतार कोठे चांगले आणि बर्फ कोठे मऊ, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ही तुलना एका वेगळ्याच निकषावर करत आहे. कोरोनाच्या काळात या ठिकाणांनी बाहेरून येणाऱ्या माणसाला दार कसे उघडले, कसे बंद केले आणि नियम बदलताना त्याला किती अवधी दिला, हा तो निकष आहे.

ते नियम आज लागू नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग जुने नियम उकरून काढण्याचे कारण काय, असे गटातील काहींनी विचारले आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. माझे उत्तर असे की, संकट आल्यावर एखादे सरकार कसे वागते, हे त्या तीन वर्षांत लेखी आदेशांच्या रूपाने आपल्यासमोर आले. पुन्हा साथ आली, तर तीच यंत्रणा बहुधा त्याच वळणाने जाईल, आणि तेव्हा आपले आगाऊ भरलेले पैसे व मोजून मिळालेली रजा या दोन्ही गोष्टी तिच्या हातात असतील.

आपल्या सीमाभागातील माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. १८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. जूनमध्ये प्रवेश सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी सात दिवस संस्थात्मक आणि त्यानंतर सात दिवस गृहविलगीकरण असा खास नियम होता. २०२१ च्या फेब्रुवारीत ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवालाची अट आली, आणि जुलैअखेरीस ती पुन्हा कडक झाली तेव्हा लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही तीतून सूट नव्हती. कोगनोळीच्या नाक्यावर आणि शिनोळीच्या रस्त्यावर थांबलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रातील चंदगडला लेकीकडे गेलेल्या माझ्या सासूबाईंना जाताना कोणी काही विचारले नाही. परत येताना मात्र स्वतःच्या घरी पोहोचण्यासाठी त्यांना अहवाल दाखवावा लागला. प्रवासाला दोन दारे असतात, एक तिकडचे आणि एक आपले, आणि दोन्हींच्या चाव्या वेगवेगळ्या सरकारांकडे असतात, हे त्या दिवशी आमच्या घरात सर्वांच्या लक्षात आले. पुढची सगळी तुलना मी याच दोन दारांच्या हिशेबाने केली आहे.

त्याआधी ७२ तासांचा हिशेब मांडतो, कारण मोठ्या शहरातील प्रवाशाला तो जाणवत नाही आणि आपल्याला जाणवतो. मुदत बहुतेक ठिकाणी नमुना दिल्यापासून मोजली जात असे, अहवाल हाती आल्यापासून नव्हे. बेळगावात सकाळी नमुना दिला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, तर छत्तीस तास तेथेच संपले. त्यानंतर मुंबई किंवा बंगळूरला जाणारी रात्रीची बस, विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचणे आणि मध्ये एखादा थांबा असलेले विमान, एवढे धरले की साठ तासांचा आकडा सहज ओलांडला जातो. अहवालाला एक दिवस उशीर झाला तर सगळे गणित कोसळते. म्हणून चाचणीची अट असलेल्या काळात बेळगावच्या प्रवाशाने विमान सुटणाऱ्या शहरात दोन दिवस आधी जाऊन राहणे आणि तेथेच नमुना देणे, हाच खात्रीचा मार्ग होता. तो खर्च कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात दिसत नसे.

आता युरोप. आल्प्स म्हणजे एकच ठिकाण, असे समजून आपण बोलतो. पण त्या काळात एकाच डोंगररांगेत चार देशांचे चार वेगळे कायदे होते. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रियातील इश्गल हे स्कीइंगचे गाव संसर्गाचे मोठे केंद्र ठरले आणि १३ मार्चला त्या खोऱ्याची नाकेबंदी जाहीर झाली, तेव्हा हजारो पर्यटक घाईघाईने बाहेर पडले. पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, फ्रान्सने स्की लिफ्ट, म्हणजे स्कीइंग करणाऱ्यांना उताराच्या माथ्यावर नेणारे पाळणे, संपूर्ण हंगामभर बंद ठेवल्या. इटलीने १५ फेब्रुवारी २०२१ ही उघडण्याची तारीख दिली आणि आदल्या संध्याकाळी ती रद्द केली. हॉटेलांनी माणसे नेमली होती, उतार तयार केले होते, सारे वाया गेले. ऑस्ट्रियाने नाताळात लिफ्ट सुरू केल्या, पण बाहेरून येणाऱ्यांवर विलगीकरण असल्यामुळे त्या स्थानिकांच्याच कामाच्या राहिल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यातही ऑस्ट्रियाने २२ नोव्हेंबर २०२१ पासून टाळेबंदी लावली आणि पुढे लिफ्टवर चढण्यासाठीही लसीकरणाचा किंवा कोविड होऊन बरे झाल्याचा पुरावा मागितला.

स्वित्झर्लंडची वाट वेगळी होती. शेजारी देश बंद असताना त्याने उतार बहुतांशी सुरू ठेवले. २६ जून २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील लस घेतलेल्या भारतीय पर्यटकांना प्रवेश दिला, २०२१-२२ च्या हंगामात लिफ्टसाठी मुखपट्टीपलीकडे प्रमाणपत्राची सक्ती केली नाही, आणि मे २०२२ मध्ये प्रवेशावरील उरलेली बंधनेही काढून टाकली. चारही आल्पाइन देशांत मला याची नोंद सर्वांत स्थिर वाटते. तरी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडल्यावर स्वित्झर्लंडने २१ तारखेला आदेश काढला आणि १४ तारखेपासून ब्रिटनहून आलेल्या सर्वांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले. नियम आधीच येऊन पोहोचलेल्या पाहुण्यांनाही मागील तारखेने लागू झाला. वर्बिये या गावात अडकलेल्या ब्रिटिश पर्यटकांपैकी शेकडो जण रातोरात निघून गेल्याच्या बातम्या तेव्हा जगभर आल्या. निघताना वैध असलेली कागदपत्रे पोहोचल्यावर अपुरी ठरू शकतात, हा धोका सर्वांत शिस्तबद्ध देशातही असतो.

लसीच्या नावाचा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र होता. कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचण्या झालेल्या केंद्रांत बेळगावातील एक रुग्णालय होते, त्यामुळे या लशीविषयी येथे आपलेपणा होता आणि अनेकांनी ती विश्वासाने घेतली. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तिचा समावेश ३ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. एकाच घरात नवऱ्याने कोविशिल्ड आणि बायकोने कोव्हॅक्सिन घेतली असेल, तर त्या उन्हाळ्यात एकाला युरोपचे दार उघडे आणि दुसऱ्याला बंद, अशी स्थिती होती. लशीच्या गुणवत्तेचा यात काही दोष नव्हता. कोणता देश कोणती यादी पाहतो, एवढाच प्रश्न होता. सहा कुटुंबांनी एकत्र जायचे असेल, तर संपूर्ण गट सर्वांत कमकुवत कागदपत्राच्या वेगाने चालतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

परतीच्या दाराकडे आपण सहसा पाहत नाही. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत बंद होती आणि मधल्या काळात ठरावीक देशांशी झालेल्या करारांनुसारच विमाने चालत होती. ११ जानेवारी २०२२ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवसांचे गृहविलगीकरण सक्तीचे झाले आणि ते १४ फेब्रुवारीला उठले. म्हणजे ऐन स्कीइंगच्या हंगामात दहा दिवसांची रजा घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्यक्षात सतरा दिवस कामावर जाता आले नसते. शाळेत शिकवणारे, बँकेत काम करणारे किंवा रोजचे दुकान उघडणारे आपल्यातील किती जण हे पेलू शकले असते?

या कसोटीवर जपान मला सर्वांत अवघड वाटतो. होक्काइदोच्या बर्फाची कीर्ती खरी आहे, पण स्वतंत्रपणे येणाऱ्या पर्यटकांसाठी जपानचे दार ११ ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद होते. तोवर युरोपातील पर्यटन पूर्ववत सुरू झालेले होते. पुढे १ जानेवारी २०२३ पासून भारतानेच जपानसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना निघण्यापूर्वीची आरटीपीसीआर चाचणी बंधनकारक केली आणि ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकली. एक दार उघडून तीन महिने होत नाहीत तोच दुसरे किलकिले झाले.

गुदौरी याच्या अगदी उलट. तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटरवरचे हे ठिकाण युरोपच्या मानाने स्वस्त आहे, आणि जॉर्जियाने २०२१ मध्येच लसीचे सर्व डोस घेतलेल्या प्रवाशांना विमानाने येऊ दिले. लसीच्या नावावरून भेद केला नाही. भारतीयांना ई-व्हिसासाठी अर्ज करता येतो. आखाती देशांत राहण्याचा परवाना असलेले नातेवाईक आपल्याकडे अनेक घरांत आहेत. त्यांनी आपल्याला लागू असणारी व्हिसाची सवलत स्वतंत्रपणे तपासून घ्यावी. गुदौरीची उणीव अशी की थेट विमान न मिळाल्यास जाणे-येणे तिसऱ्या देशातून होते, आणि त्या मधल्या देशाचे नियम हे तिसरे दार ठरते.

गुलमर्गची बाजू मी थोडी विस्ताराने मांडतो. येथे व्हिसा नाही, लशीच्या यादीचा वाद नाही आणि परतताना आंतरराष्ट्रीय नियम नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात काश्मीरने विमानाने येणाऱ्या पर्यटकांना प्रवेश देणे सुरू केले, तेव्हा चाचणी श्रीनगर विमानतळावर उतरल्यावर होत असे. बेळगावच्या माणसासाठी ७२ तासांच्या धावपळीपेक्षा ही पद्धत कितीतरी सोयीची होती, जरी अहवाल प्रतिकूल आल्यास घरापासून दूर अडकण्याची भीती तीत होतीच. फ्रान्सच्या लिफ्ट बंद असलेल्या त्याच हिवाळ्यात, २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२१ या काळात, गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरल्या. शिकणाऱ्यासाठी सोयीही आहेत: सुमारे २६५० मीटर उंचीवरील सौम्य उतार, तेथील सरकारी स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था, आणि अफरवट शिखराकडे दोन टप्प्यांत जाणारी गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्याने वरच्या टप्प्याचा मोह धरू नये. तेथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे.

गुलमर्गची अनिश्चितता वेगळ्या प्रकारची आहे. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी बर्फ वेळेवर न पडल्यामुळे त्याच स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली. म्हणजे तेथेही दार अचानक बंद होऊ शकते, फक्त कारण आरोग्याचे नसते. शिवाय बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही, म्हणून गटातील किमान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी.

देशातील बाकीचे पर्याय थोडक्यात. उत्तराखंडातील औलीचे उतार सुंदर आहेत, परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तेथून वर जाणारा रोपवे बंद करावा लागला, आणि ऋषिकेशपासूनचा अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता लहान मुलांना जड जातो. मनालीजवळचे सोलंग खोरे स्कीइंग चाखून पाहण्यासाठी ठीक आहे. आठवडाभर शिकण्यासाठी नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्यांची रजा वाढू शकत नाही आणि ज्यांच्यासोबत साठीपुढचे आईवडील किंवा लहान मुले आहेत, त्यांनी गुलमर्ग निवडावे. ज्यांना परदेशीच जायचे आहे त्यांनी आल्प्समध्ये स्वित्झर्लंड धरावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) ९० युरो शुल्क अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही, हे हिशेबात घ्यावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण त्या विम्यात स्कीइंगची दुखापत आणि साथीमुळे रद्द झालेला प्रवास या दोन गोष्टी आपोआप समाविष्ट असतील, असे समजू नये. दोन्ही कलमे लेखी दाखवा, असे विमा प्रतिनिधीला सांगावे. २०२१ मध्ये आमच्या गटाने एका सहल कंपनीकडे दिलेली आगाऊ रक्कम अशाच एका न वाचलेल्या कलमामुळे बुडाली, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. गुदौरी तरुण, एकट्या आणि लवचीक रजा असलेल्यांसाठी योग्य आहे. जपान मी या गटाला सुचवणार नाही.

गुलमर्ग ठरल्यास फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरावा, कारण अलीकडे बर्फ उशिरा पडत आहे; मात्र आपल्या दोन कुटुंबांत दहावीची मुले आहेत आणि त्यांची परीक्षा मार्चमध्ये असते, तेव्हा त्या दोन कुटुंबांनी होकार दिल्याखेरीज श्रीनगरची तिकिटे काढू नयेत.